निरोगी म्हणून घेतलेलं रक्त

माझी ताई कॅन्सरवर संशोधन करते. हा रोग कोणत्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, ते रक्तातली जनुकं तपासून शोधायचं, हेच तिचं काम. तीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "नळ्या कोण धुणार मग?"

सुरुवातीला तिची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि गळका नळ. आजाऱ्याच्या रक्ताशी ताडून बघायला धडधाकट माणसाचं रक्त लागायचं. ताईला बारमाही सर्दी, म्हणून तिने मला खुर्चीत बसवलं. "ही आमची घोडी. हिला साधी शिंक येत नाही," असं मदतनीस बाईंना सांगत सुई टोचली. मी आपली फुशारून बसले.

नियम सोपा होता. आजाऱ्याच्या जनुकात एखादा बदल दिसला आणि तोच माझ्यातही निघाला, तर तो निरुपद्रवी. त्याची नोंद बिनधोक यादीत. ती यादी आधी भिंतीवर लागली, मग कॉम्प्युटरमध्ये गेली, आणि एकोणीस वर्षं कोणी पुन्हा तपासली नाही.

गेल्या वर्षी आंघोळ करताना माझ्या काखेजवळ गाठ लागली, ती कॅन्सरचीच निघाली. ताईने माझं रक्त नव्याने तपासलं. यादीतला सातवा बदल बिनधोक नव्हताच. तो वडिलांकडून मला आला होता. हा कॅन्सर बहुतेक बायकांनाच होतो आणि वडिलांना सगळे भाऊच, त्यामुळे घरात कुणाला सुगावा लागला नाही. ताईमध्ये तो नव्हता. तिने स्वतःचं रक्त वापरलं असतं तर ही चूक झालीच नसती. तो बदल असलेल्या एकवीस बायकांना तिने आपल्या सहीने कळवलं होतं, काळजीचं कारण नाही.

मी भडकले. का नाही भडकणार? "जगाच्या रक्तात डोकं खुपसून बसलीस, आणि सख्खी बहीण दिसली नाही तुला?"

"तुझ्यावर शंकाच आली नाही गं," ती म्हणाली.

तिने एकवीस पत्रं लिहिली. सहा घरांतून कळलं की बाई गेल्या. एकीच्या नवऱ्याने फोन करून विचारलं, "तेव्हा कळलं असतं तर?" ताई खोटं बोलली नाही. "कदाचित वाचल्या असत्या," म्हणाली. त्यानंतर तिचं जेवणच सुटलं. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

आता माझ्या मुलीची तपासणी राहिली होती. रक्त मावशीनेच घ्यायचं, असा तिचा हट्ट. ताईची दोनदा शीर चुकली. पोरीने दुसरा हात पुढे केला.

दहा दिवसांनी ताई आली. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली आहे, तरी तिने बेल वाजवली. दार उघडलं तर कागद हातात धरून पायपुसण्यावर उभी.

"आत ये की," मी म्हटलं. ती हलेना.

मुलीने पुढे होऊन कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. "सातवाच आहे," ती मला म्हणाली. मग मावशीला दंडाला धरून खुर्चीपर्यंत आणलं.

मी पाणी आणायला आत गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले.