पंच बसवून घेतलेली तोंडी परीक्षा

मुलींची तोंडी परीक्षा घेताना त्यांच्याच सासऱ्यांना पंच म्हणून समोर बसवणारी शहाणी एकच झाली, ती मी.

पोरींची लग्नं शाळेच्या वयातच लागत, त्या काळी खांडबाऱ्याजवळच्या एका गावात मी नवी मास्तरीण होते. डोकं पुस्तकी, नाक वर. हेडमास्तर म्हणायचे, "पोरींच्या डोक्यात हिशोब शिरत नाही. त्यांचा वर्ग बंद केला तर खोली तरी मोकळी होईल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, प्रयोगच करून दाखवते! मुलगे आणि मुली, दोघांना तेच प्रश्न, तीच वेळ, तीच खोली. फरक निघालाच तर डोक्याचा निघेल. वर कुणी लबाडी म्हणू नये म्हणून गावातली वडीलधारी मंडळी पंच बसवली. काय माझी हुशारी!

मुलग्यांनी धडाधड उत्तरं दिली. मुली उठल्या, पदर पुढे ओढला आणि गप्प. पंचांत कुणी हिचा सासरा, कुणी तिचा चुलतसासरा. सासऱ्यापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, हे गावातल्या शेळीलाही ठाऊक होतं. मला मात्र वाटलं होतं, ही रीत शाळेच्या दाराशी वहाणा काढून बाहेरच थांबते!

हेडमास्तर मिशीत हसले. "बघा बाई, तुमचाच प्रयोग."

दुसऱ्या दिवशी मुलींना पंचांशिवाय, तितकेच अवघड नवे प्रश्न घातले. सगळ्यांनी पटापट उत्तरं दिली. आदल्या दिवशी पंचांत बसलेल्या पाटलांच्या धाकट्या सुनेचं उत्तर तर माझा प्रश्न संपायच्या आत तयार. मी धावत सांगायला गेले, तर हेडमास्तर म्हणतात, "पंच होते का? मग खरं कशावरून?"

खरं कशावरून! ज्यांना बघून पोरींची वाचा बसली, तेच साक्षीला हवेत! आजही आठवलं की डोकं भणभणतं. प्रयोग शिकायला निघालेल्या पोरांनो, समोर कोण बसलंय तेही प्रयोगातच धरा. आणि दुसऱ्या दिवशी मुलग्यांनाही पंचांशिवाय विचारून ताडून बघायचं असतं, हे या मास्तरणीला सुचलंच नाही. हेडमास्तरांच्या हाती आयतं कोलीत दिलं.

वर्ग बंद झाला. खोलीत पाटलांची सरकी भरली. पुढं बाजारात ती सून दिसली. सासू वांगी निवडायला वाकली, तेवढ्यात पदराआडून मला म्हणाली, "बाई, त्या दिन बी माले समदं येत व्हतं. तुम्ही मन्हा सासराले बाहेर काबरं नही धाडं?"