साडूंचं एक मिनिट

पुढं न जाण्यासाठी इतका घाम गाळणारा माणूस उभ्या शिरूर तालुक्यात माझ्या साडूंशिवाय दुसरा सापडणार नाही.

साडू कारेगावात राहतात. जवळच्याच एका कारखान्यात त्यांनी क्वालिटीला अठ्ठावीस वर्षं काढली, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू नाकारण्याचा पगार घेतला. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. केळी घेताना त्यांचा वाक बघतात, बायकोच्या भाकरीची कड अंगठ्यानं दाबून "एका बाजूला जाड हाय" म्हणतात आणि मग चार खातात. माझ्या लग्नात मी बोहल्यावर ताटकळत असताना हे गृहस्थ मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते तपासत होते. खांब तिरका निघाला. तो सरळ होईपर्यंत मुहूर्त टळला, आणि आमच्या संसारात काही कुरबुर झाली की साडू अजून त्या खांबाचं नाव घेतात.

हा सायकलचा उद्योग मात्र लेकीपायी सुरू झाला. तिच्याकडं फिक्सी नावाची सायकल होती. त्या सायकलला फ्रीव्हील नसतं; चाक फिरलं की पायडल फिरणारच, आणि उलटं मारलं तर गाडी मागं येते. तिच्यावर ही पोरगी पाय न टेकता जागच्या जागी उभी राहायची. दौंडकडचे पाहुणे तिला बघायला आले तेव्हाही ती अंगणात अशीच उभी होती, आणि साडू सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला पुढं जायची अक्कल न्हाई, म्हणून एका जागी डुलती." पोरगी खाली उतरली. "एक मिनिट असं उभं राहून दाखवा, मगच माझ्याशी बोला," एवढं म्हणाली आणि सायकल तिथंच सोडून पुण्याला नोकरीला गेली. याला दोन वर्षं झाली. आईचा फोन उचलते, माझा उचलते, बापाचा उचलत नाही.

सहा महिने साडूंनी ताठा सांभाळला आणि मग सायकल बाहेर काढली. साठीला आलेला, पोट सुटलेला माणूस, पण शिकायचं ते कारखान्याच्या रीतीनं. भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद लागला: पायडल आडवं, पुढचं चाक चढाकडं, नजर समोर, श्वास चालू. प्रत्येक वेळी पडले की रिपोर्ट भरायचा. दोष: डावीकडं पडलो. कारण: कोंबडी. उपाय: कोंबडी कोंडली. पण खरी अडचण गावाची. पाय न टेकता थांबलेला माणूस आमच्याकडं कुणाला बघवत नाही. साडूंचा कुठं तोल जमतोय तोवर शेजारचे आप्पा मायेनं येऊन सीट धरत. "धरलंय, उतरा निवांत." कंपनीतून सुटलेली पोरं थांबून विचारत, "अंकल, चेन उतर गया क्या?" त्या दिवसांचे सगळे रिपोर्ट सारखेच होते. कारण: शेजारी. उपाय: शक्य नाही.

मी दर रविवारी दौंडहून मजा बघायला जायचो. एकदा माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, "पाव्हणं, कोंबडीचासुद्धा रिपोर्ट भरलात. पोरगी गेली त्याचा भरला का?"

साडूंनी सायकल भिंतीला टेकवली आणि आत गेले. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेण्याइतकं नाही. पुढच्या रविवारी रिपोर्टांच्या फाईलवर एक नवा कागद होता. दोष: पाहुण्यांदेखत पोरीला बोललो. कारण: मी. उपाय: एक मिनिट.

गेल्या रविवारी साडूंनी अंगणात सायकल लावली, आप्पांना हात जोडून ओट्यावर बसवलं आणि मला म्हणाले, "लावा फोन." मी माझ्या मोबाईलवरून लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न सांगता तो अंगणाकडं वळवला. साडू पायडलवर चढले. चाक बोटभर पुढं, बोटभर मागं.  मग फोनमधून आवाज आला, "एक, दोन, तीन..."

पोरीचा आवाज त्यांनी दोन वर्षांनी ऐकला. चाळिसाव्या आकड्यापर्यंत त्यांनी सोसलं. एक्केचाळीसला पाय टेकला.

तो टेकलेला पाय तिला स्वच्छ दिसत होता. तरी तिनं मोजणं थांबवलं नाही. बेचाळीस, त्रेचाळीस करत ती सावकाश साठपर्यंत गेली आणि थांबली.

आता बोलायची पाळी साडूंची होती. दीड वर्ष धडपडून मिळवलेली ती पाळी, आणि त्यांनी विचारलं काय, तर "जेवलीस का गं?"

"न्हाई अजून," ती म्हणाली. "तुम्ही?"