न निघालेला लाल डाग

गावात दोन गोष्टी बोलल्या जात आहेत. मी सुनंदाच्या आईची साडी खराब केली आणि सुनंदाने माझ्याशी बोलणं टाकलं. पहिली खरी आहे, दुसरी साफ खोटी... म्हणून लिहिते आहे.

रविवारी दुपारी अड्याळच्या समाजमंदिरात आमच्या महिला मंडळाचं, मी बसवलेलं नाटक होतं. झोपलेल्या राजाचा खून करून गादी बळकावणाऱ्या सरदाराची जुनी शोकांतिका. कॉलेजात वाचली होती, तेव्हापासून बसवायची हौस होती.

शेवटी सरदाराची बायको हातावरचं रक्त चोळत राहते, पण तिला ते गेल्यासारखं वाटत नाही. हे काम सुनंदाचं. ती अंगणवाडी सेविका. अंगावर तिच्या दिवंगत आईची पांढरी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी... आईची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली आहे.

तालमीत आम्ही कुंकवाचं पाणी वापरायचो. मी सगळ्यांना झापलं, "हे काय रक्त आहे? सरबत दिसतं!" माझ्या धाकाने मंडळातल्या रंजनाने मोहाडीच्या माहेराहून कोसा रंगवायचा पक्का रंग आणला, आणि मला सांगितलंही नाही.

प्रयोगात तोच रंग हातांना लावून सुनंदा हात चोळू लागली. चोळता चोळता वाक्यं विसरली आणि थेट विंगेत माझ्याकडे बघून ओरडली, "बाई, हे खरंच निघून नाही राह्यलं जी!"

टाळ्यांचा कडकडाट! त्या गोंधळात तिने सवयीने हात पदराला पुसले... आणि पदराकडे बघतच राहिली.

पडदा पडल्यावर मी विचारलं, "रंग कोणी आणला?" रंजनाने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तिला काय बोलणार? खरं रक्त मलाच हवं होतं.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी नवी पांढरी साडी घेऊन सुनंदाकडे गेले. ती अंगणात पदर घासत होती. मीही बसले घासायला. डाग गुलाबी झाला, गेला नाही. मला रडूच फुटलं.

"कायले रडता जी बाई? आमाले रडवाचं काम तुमचं," ती म्हणाली. मग पदर पिळत म्हणाली, "आईनं डागाच्या भेवानं हे साडी कधी नेसलीच नाही. जिनगीभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणं केलं, अन् हे पेटीतच ठेवली. काल तिच्या साडीले टाळ्या भेटल्या... पवनीच्या पुढच्या प्रयोगाले मी हेच नेसन."

मी आजवर पुष्कळांना माफ केलं असेल, पण सुनंदाने मला केलं तितक्या सहज कधीच नाही. सुनंदा, तुझे उपकार आहेत.

आजची नोंद : नवी साडी एक, घडी न मोडता मला परत. आईची कोशाची साडी एक, धुतलेली, पदरावर डाग, पवनीच्या प्रयोगासाठी मंडळाच्या पेटीत जमा. देणार सुनंदा. घेणार मी... हात अजून लालच आहेत, दोघींचेही.