आधी आवाज सारखा करा

कानवाले काका फ्रीज बंद करून संगीत ऐकायचे. नुसता फ्रीज नव्हे. पंखा बंद, कूलर बंद, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून सदऱ्याच्या खिशात. आपल्या गावात मे महिन्यात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. घामाच्या धारा लागायच्या, आणि समोर काका असे बसलेले की खोकला आला तरी माणसाने गिळून टाकावा. त्यांच्याकडे ऐकायला जाणं ही करमणूक नव्हती. मी शाळेत गणित शिकवते, परीक्षा घ्यायची मला सवय आहे. पण त्या खोलीत दर वेळी मीच तोंडी परीक्षेला बसल्यासारखी अवघडून बसायचे.

सिडकोत आमची आणि त्यांची भिंत एक. ओळख झाली ती मिक्सरमुळे. एका रविवारी सकाळी मी शेंगदाण्याची चटणी करत होते, तर बेल वाजली. दारात उंच, सडसडीत गृहस्थ.

"ताई, चटणी अजून किती राहिली?"

"का, हवी आहे का?"

"चटणी नको. शांतता पायजे. खराटेवाला आत्ता कुठं सुरू होऊ राहिला."

मला राग आला. हा कोण खराटेवाला ते बघूच, म्हणून मी तशीच त्यांच्या मागोमाग गेले. खोलीत माझ्या खांद्याएवढे दोन स्पीकर, त्यांच्यासमोर दोन खुर्च्या आणि भिंतभर सीडी. एका खुर्चीत काकू हातात निवडायची मेथी घेऊन बसलेल्या, पण काडी मोडायची सोय नाही म्हणून नुसत्याच बसलेल्या. खराटेवाला म्हणजे जॅझमधला ड्रमवाला निघाला. तो काठ्यांऐवजी तारेचे ब्रश घेऊन ड्रमवर गोल गोल फिरवतो, आणि ऐकताना खरंच कोणीतरी पहाटे अंगण झाडतंय असं वाटतं. काकांनी सगळ्या वादकांना अशी नावं ठेवली होती. ट्रम्पेटवाला मामा, बास हे जाड आवाजाचं मोठं तंतुवाद्य वाजवणारा जाड्या. खरी नावं त्यांना पाठ होती, पण ती ते वापरत नसत. "घरातल्या माणसाला कुणी पूर्ण नावानं हाक मारतं व्हय?" असं म्हणायचे.

काका मूळचे शेंद्र्याच्या बाजूचे, शेतकरी घरातले. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा भावांनी गाड्या घेतल्या, काकांनी स्पीकर घेतले. भावकी त्यावर अजून हसते. नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात. तयार झालेला गिअरबॉक्स फिरवायचा, कान लावायचा आणि 'चांगला' किंवा 'परत' एवढंच सांगायचं, हे त्यांचं काम. कानवाले हे नाव तिथलंच. तिथे मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना त्यांना जॅझच्या थोड्या सीडी देऊन गेला. त्याने त्या भेट म्हणून दिल्या असतील. काकांनी तपासायला घेतल्या, आणि ती तपासणी काही आयुष्यभर संपली नाही.

तपासणी अशी. हे संगीत फार जुनं, टेपवर ध्वनिमुद्रित केलेलं. त्याची पहिली सीडी निघाली ती साधी, टेपची बारीक खरखर तशीच ठेवून. पुढे कंपन्यांनी तेच संगीत घासूनपुसून पुन्हा काढलं, मग पुन्हा एकदा. याला रीमास्टर म्हणतात. काका जुनी आणि नवी दोन्ही आणायचे आणि एकच तुकडा आलटून पालटून ऐकायचे. नव्या सीडीवर त्यांचा दात होता. "झांज चढवून ठेवतात ताई, कानात सुई घातल्यावानी. भांड्याला कल्हई केल्यानं भात गोड लागत नाय." झांज हा त्यांचा सगळ्यात नाजूक विषय. "वाजली हे कुणीबी सांगंल. ती विझती कशी, ते ऐका."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. दोन्ही ऐकवल्या. मी ठणकावून सांगितलं, दुसरी चांगली. काकांनी दोन्ही पुन्हा ऐकवल्या, पण दुसरीच्या वेळी अँप्लिफायरचं बटण जरासं खाली केलं. मला पहिली चांगली वाटली. "बगा," ते म्हणाले, "नवी सीडी मुळातच मोठ्यानं वाजती. तुम्हाला चांगली नाय वाटली, मोठी वाटली. आधी आवाज सारखा करा, मग बोला." कारखान्यातून निवृत्त होताना मागून आणलेलं आवाज मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं. ते खुर्चीवर धरून प्रत्येक सीडीसाठी बटणाची जागा ठरवलेली, आणि तिथे काकूंच्या नेलपॉलिशची खूण केलेली. खुणेवर बटण आल्याशिवाय मत द्यायची त्या घरात कुणाला परवानगी नव्हती, काकांना स्वतःलाही नव्हती.

'आधी आवाज सारखा करा' हे वाक्य त्यांनी फक्त सीडीपुरतं ठेवलं नव्हतं. एकदा पाण्याच्या वेळेवरून गल्लीत भांडण पेटलं, तेव्हा काका मध्ये उभे राहून म्हणाले, "ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं वाटू राहिलं. समदे सारख्या आवाजात बोला, मग ठरवू." सगळे इतके ओशाळले की भांडण तिथेच मिटलं. शिक्षकांच्या बैठकीत आता मी हेच करते.

पूर्वी ते खोलीत दोरीवर चादर टांगायचे. काकू चादरीमागे बसून सीडी बदलायच्या आणि कोणती लावली ते सांगायच्या नाहीत. काका जुनी कोणती ते ओळखायचे, आणि मी पाहिलं तेव्हा एकदाही चुकले नाहीत. काकू गेल्या आणि ती चादर दोरीवर आलीच नाही. त्यानंतर रविवारी मी जायचे, पण सीडी काका स्वतः लावायचे, माझ्यादेखत.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. त्यांच्या दाराला चिवचिवणारी बेल होती. ती मी दाबत राहायचे आणि आतून काका येत नसत. कडी वाजवली की लगेच येत. मोबाइल शेजारी वाजत असायचा आणि ते पेपर वाचत असायचे. मला कळत होतं, पण ज्या माणसाला सगळे कानवाले म्हणतात त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

कुकरने ते सांगितलं. एका सकाळी भिंतीपलीकडून शिट्ट्यांवर शिट्ट्या ऐकू आल्या, मग त्या थांबल्या, आणि थोड्या वेळाने जळका वास आला. मी मागच्या दाराने आत शिरले तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं, कुकर काळा ठिक्कर. काका दोन दारं पलीकडच्या खोलीत, स्पीकरसमोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मी आधी गॅस बंद केला. मग मी त्यांच्यावर ओरडले. त्यांच्यावर ओरडायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. त्यांनी पुण्याला मुलाला, नितीनला, कळवायचं नाही म्हणून सांगितलं. मी त्यांच्यासमोरच त्याला फोन लावला.

नितीन शनिवारी आला. पोरगा समजूतदार. "अप्पा, आता तिकडे चला. तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला? मला ऐकू येत नाय?"

"कुकर ऐकू आला नाही."

"कुकरकडं लक्ष नव्हतं. ऐकायचं ते येतंय." काका म्हणाले, "कान गेले म्हणतोस ना? मग कानालाच विचारू. चादर टांग. जुनी ओळखली तर तू हा विषय परत काढायचा नाय. चुकलो तर बॅग भरतो."

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी कुठे बघावं ते मला समजेना. घर, खोली, रविवार, सगळं त्यांनी त्या झांजेवर लावून टाकलं होतं, आणि त्यांना त्याची काळजीच वाटत नव्हती.

रविवारी सकाळी फ्रीज बंद झाला, सेल खिशात गेला. चादरीमागे काकूंच्या जागेवर मी. नितीन दारात उभा, त्याला दोन्हीकडचं दिसत होतं. काकांनी बजावलं, "खुणेवर लावा हं ताई. खुणेच्या वर जायचं नाय." मी आधी जुनी लावली. मामाने ट्रम्पेट फुंकली, जाड्या मागून चालत आला, खराटा फिरला, झांज वाजली आणि हळूहळू विझली. घामाने माझ्या हातातलं सीडीचं खोकं निसटू लागलं. मग मी नवी लावली.

झांज वाजायची खोटी, काका ओरडले, "हीच! हीच जुनी! बगा की कशी विझू राहिली! आधीची नुसती मुकी होती." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला रडू फुटेल असं वाटलं. जुनी सीडी माझ्या मांडीवर होती.

मी नितीनकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. पण तो शांतपणे म्हणाला, "बरोबर अप्पा. जुनीच."

चार तासांचा रस्ता तुडवून वडिलांना न्यायला आलेला मुलगा पैज मुद्दाम हरत होता. मला त्याची इतकी माया आली की मीही मान डोलावली, जणू चादरीतून ती त्यांना दिसणार होती. पण काका उठलेच. परीक्षा झाली की शेवटची सीडी प्लेअरमधून ते स्वतःच काढत. मी "राहू द्या, मी काढते" म्हणेपर्यंत त्यांनी चादर बाजूला केली, बटण दाबलं आणि बाहेर आलेली सीडी उजेडात धरली. नवी कोरी, चकचकीत.

 

"नित्या," काका म्हणाले, "खोटं कशाला बोललास?"

काकांनी सीडी फिरवून फिरवून पाहिली, गिअरबॉक्स पाहावा तशी. मग खुर्चीवर बसले आणि स्वतःशीच हिशोब मांडल्यासारखे बोलू लागले. "नवीत झांज चढवलेली हाय. माझे कान टिपेच्या आवाजाला तेवढेच उतरलेत. म्हणून ही जुनीवानी वाटली. सीडीत काय खोट नाय." आणि माझ्याकडे बघून जरा हसले. "ताई, आवाज सारखा केला. कान सारखा करायचा ऱ्हायला."

त्यांनी बॅग त्याच दुपारी भरली. नितीन म्हणत होता, पैज राहू दे, सावकाश या. काका ऐकेनात. ठरलं म्हणजे ठरलं.

जाताना त्यांनी फक्त नव्या सीडी बरोबर घेतल्या. आयुष्यभर नावं ठेवली त्या. "मला आता ह्याच जुन्या," म्हणाले. जुन्या सगळ्या, स्पीकर आणि नेलपॉलिशच्या खुणांचा अँप्लिफायर माझ्या घरी आणून लावून दिला. मी नको नको म्हणत होते. "तुमचे कान अजून चालू हायेत. ते वाया घालवू नका." रिक्षात बसताना त्यांनी खिशातून घड्याळाचा सेल काढून माझ्या हातात दिला. तो परत घालायचा राहूनच गेला होता.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. आमच्या घरचा फ्रीज बंद होतो, नवरा कुरकुरतो. मी जुनी सीडी लावते, बटण खुणेवर आणते आणि फोन स्पीकरसमोर धरते. पहिल्या रविवारी तुकडा संपल्यावर मी विचारलं, "काका, झांज आली का?" मला वाटलं, माझं मन राखायला हो म्हणतील.

"नाय आली," ते म्हणाले. "तुम्हाला आली?"

"आली."

"विझली का नीट?"

"विझली काका. अगदी सावकाश."

"मग लावा परत," काका म्हणाले. "मी हाय फोनवर."