छायाचं प्रस्थान

बॅग भरायला हौस लागत नाही, अक्कल लागते. मी बँकेत होते, बदल्यांची नोकरी. धुळ्यापासून सांगलीपर्यंत बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरले, तेव्हा हे मी अधिकारानं सांगते. साड्यांच्या घड्या घालू नयेत, घट्ट गुंडाळ्या कराव्यात. परकर-ब्लाउज ज्या-त्या साडीच्या पोटात गुंडाळावेत, म्हणजे परक्या घरात पहाटे दिवा लावून हुडकाहुडकी करावी लागत नाही. जड सामान चाकांच्या बाजूला, औषधं वरच्या कप्प्यात. आणि बॅग भरून झाली की त्यातल्या निम्म्या वस्तू बाहेर काढाव्यात, त्या लागणार नसतातच.

हे सगळं मी समोरच्या छायाला कितीदा ऐकवलं असेल. आमच्या नाशिकच्या जेलरोडच्या सोसायटीत तिच्याइतका प्रवास कुणी केला नाही. त्यातला एकही स्वतःसाठी नाही.

छाया मखमलाबादची. माहेरी गुलाब-शेवंतीचे मळे. नवरा नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होता, तो रिटायर व्हायच्या आतच गेला. मूलबाळ झालं नाही. पेन्शन आहे, दोन खोल्यांचं घर आहे, हातपाय चालू आहेत. एवढं भांडवल एखाद्या बाईजवळ दिसलं की नातेवाइकांना तिची फार आठवण येते. "तुझ्या मागे काय आहे?" हे वाक्य मी त्या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडून ऐकलंय. अर्थ एवढाच, की तू मोकळी आहेस, चल आमच्याकडे राबायला.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती पत्र्याची ट्रंक घेऊन सटाण्याला नणंदेच्या बाळंतपणाला गेली. मग सासऱ्यांचं खुब्याचं हाड, भावजयीचं ऑपरेशन, मोठ्या दिरांचा अर्धांगवायू. दिरांचं तर सगळं अंथरुणातच होतं, आणि त्यांचे दोन मुलगे नाकाला रुमाल लावून दारातून चौकशी करायचे. ट्रंक जाऊन रेक्झिनची बॅग आली, ती फाटल्यावर चाकांची आली. ती पुतण्यानं दिली. "काकू, आता तुम्हाला ओझं उचलायला नको." ओझं कमी करायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

तिच्या घरात शिरलं की बंद घराचा वास येतो. कॅलेंडरवर कधी मागचा ऑगस्ट, कधी फेब्रुवारी. गॅसची टाकी वर्षभर पुरते. तुळस दर खेपेला वाळते. मी पाणी घालते, पण मलाही गुडघे आहेत आणि मीही विसरते. परत आली की ती नवं रोप आणते. एकदा नर्सरीवाल्यानं विचारलं, "मावशी, तुळशी विकायचा धंदा काढलाय का?"

यंदा पाडव्याच्या सुमाराला ती येवल्याहून आली. बहिणीचा मोतीबिंदू उरकून. दारापर्यंत आली, बॅग टेकवली आणि कुलूप न उघडता जिन्याच्या पायरीवर बसली.

"ताई, लय दमले," म्हणाली.

दमली की तिच्या तोंडात माहेरची बोली येते. पण हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. ताप नव्हता, बीपी ठीक होतं. डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. ही दमणूक गोळ्यांनी जाणारी नव्हती हे त्यांनाही कळत असावं, कारण लिहिताना त्यांनी मान वर केली नाही.

त्या वेळी तिनं तुळशीबरोबर मोगऱ्याचं झाडही आणलं. बाल्कनीत ठेवलं. मोगरा म्हणजे उन्हाळाभर रोज पाणी.

"यंदा मी कुठं जायची नाय, ताई. घरातच पडून राहणार. सकाळी मोगरा तोडीन, दुपारी झोपंन."

"लेखी दे," मी म्हटलं. ती हसली.

आणि मे महिन्यात किशोरचा फोन आला. हाच तो बॅग देणारा, धाकट्या दिराचा मुलगा, नागपूरला असतो. त्याच्या बायकोचं, वैष्णवीचं, दुसरं बाळंतपण जवळ आलेलं. वैष्णवीला आई नाही. किशोरच्या आईचं काश्मीरच्या सहलीचं बुकिंग झालेलं. "आई पहिल्यांदाच कुठे चाललीये हो काकू, तिला कसं थांबवायचं? आणि तुमच्या मागे तरी काय आहे?" फोन स्पीकरवर होता, मी सगळं ऐकत होते.

छाया "बरं" म्हणाली.

"नाही म्हणायला काय झालं होतं?" फोन बंद होताच मी विचारलं.

"तोंडातून निघत नाय, ताई. घशापर्यंत येतं, आणि बाहेर पडताना बरं होतं."

"मग घसा दाखव कुणाला तरी."

यावर ती नेहमीसारखी हसली नाही.

बॅग भरायला मीच गेले, कारण ती एकच साडी गुंडाळायची, उलगडायची आणि मांडीवर घेऊन बसायची. बाळंतिणीचं सामान तिनं आधीच आणून ठेवलं होतं: डिंक, खारीक, आळीव, बाळंतशोप, धुरीसाठी वेखंड. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली होती, हातानं बारीक टाके घालून. सवयीनं. मनातून एवढी विटलेली बाई, पण टाके एका ओळीत.

मी बॅग अशी भरली की सुई घालायला जागा राहिली नाही. खाली बाळंतिणीचं सामान, त्यावर साड्या, मग पांघरायची चादर, घरातल्या चपला, छोटा रेडिओ, वर गोळ्या आणि चष्मा. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. मग खोलीकडे नजर टाकली आणि तो उतरला. त्या बाईला जगायला लागणारं सगळं एका बॅगेत मावलं होतं, ही काही बरी गोष्ट नव्हे.

तिकीट निघालं नेमकं अमावास्येचं. किशोर कामासाठी नाशिकला येणार होता आणि जाताना काकूंना घेऊन जाणार होता. अमावास्येला घर सोडायचं नाही, तेव्हा छायानं प्रस्थान ठेवायचं ठरवलं. नव्या मुलींना हे माहीत नसेल. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं सामान, तांदूळ-सुपारी घालून, जायच्या दिशेला शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. मात्र एकदा बाहेर पडलेलं सामान पुन्हा आपल्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, तिथूनच पुढे न्यायचं. माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण नागपूर पूर्वेला, माझं दारही तिच्या पूर्वेला, आणि बॅगेला चाकं. हळदीकुंकू लावलेली बॅग माझ्या बाहेरच्या खोलीत कपाटाला टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छाया दारात. "ताई, चष्मा राहिला आत."

"बॅगच घेऊन जा की."

"बॅग परत न्यायची नाय. चष्मा चालतो."

"हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"माझ्या," म्हणाली, आणि चष्मा घेऊन गेली.

मग गोळ्या. मग घरातल्या चपला, फरशी तापते म्हणून. मग रेडिओ, कारण लाइट गेल्यावर टीव्ही बंद आणि घर खायला उठतं. मग चादर. प्रत्येक वेळी ती बॅग आडवी करायची, हवं ते काढायची, पुन्हा चेन लावून उभी करायची. मी वैतागले. माझी घट्ट भरलेली बॅग, तिचं पोट आत जायला लागलं होतं.

"छाया, प्रवासात वाळवी लागलेली बॅग मी पहिल्यांदाच बघतेय."

"शेवटी परत भरू, ताई."

एका दुपारी आली आणि साडी न्यायची म्हणाली. मी गवार निवडत होते. तिनं एक साडी नाही, सगळ्याच काढल्या, माझ्या गुंडाळ्या तशाच हातावर रचल्या आणि चालती झाली. गवारीवरचा माझा हात थांबला. बाईला जायचं नव्हतं. तोंडानं म्हणता येईना, म्हणून ती हातानं म्हणत होती.

मी पुन्हा गवार निवडायला घेतली. गप्प बसणं मला जड जातं, हे माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा. पण एक धास्ती होतीच. बॅग रिकामी करून काय होतंय? किशोर समोर उभा राहिला की ही "बरं" म्हणेल आणि नेसत्या साडीनिशी निघेल. मग मोगरा वाळेल, आणि पुढच्या खेपेला ती पायरीवरून उठेल की नाही, कुणास ठाऊक.

अमावास्येला किशोर आला. खाली ऑटो थांबवून, धापा टाकत.

"काय मावशी, बऱ्या आहात ना? काकूंची बॅग इथे आहे म्हणे." त्यानं बॅग उचलली आणि हात सरळ वर गेला. "अरे वा! काकू, एवढी हलकी? जमायला लागलं की तुम्हाला!"

छाया तिच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या आत. हातात मोगऱ्याला पाणी घालायचा तांब्या.

"डिंक आहे त्यात," ती म्हणाली. "आळीव, बाळंतशोप. दुपटी धुऊन ठेवलीत. वैष्णवीला सांग, आळीव दुधात भिजत घालायचे."

"तुम्हीच सांगा तिला. चला, ऑटोवाला किरकिर करतोय."

"तू जा. बॅग घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

तिचा गळा हलला. मला दिसत होतं, शब्द वर येत होता. तिच्या वतीनं बोलायला माझी जीभ शिवशिवत होती. मी ओठ आत ओढून दातात धरले.

"मी नाय येत," छाया म्हणाली.

किशोर हसला. मग हसायचा थांबला. "अहो काकू, तिकीट काढलंय. आईचं काश्मीर... आणि आता आयत्या वेळी कोण मिळणार? इथे तुमच्या मागे आहे काय असं?"

"मोगरा आहे."

"मोगरा?"

"हो. आणि मी दमले, बाळा."

आवाज चढला नव्हता. पाणी संपलं, असं सांगावं तसं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी समजावेन या आशेनं.

"जा बाबा," मी म्हटलं, "ऑटोवाला हॉर्न देतोय."

तो गेला. बॅग खडखडत एकेक पायरी उतरली. प्रस्थानाचा नियम म्हणाल तर तंतोतंत पाळला गेला. सामान उंबऱ्यात परतलं नाही, अमावास्येला छाया घराबाहेर पडली नाही.

वैष्णवीचं काय, असं विचाराल. त्या पोरीचा दोष नाही, मान्य. नागपुरात बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका मिळतात, किशोरनं हुडकावी एक. संध्याकाळी त्याच्या आईचा आधी छायाला फोन आला. तिनं उचलला नाही. मग मला आला. मी तिला लोकरीचे कपडे गुंडाळून कमी जागेत कसे बसवायचे ते नीट समजावून सांगितलं. तिनं मध्येच फोन ठेवला.

छाया जिंकल्यासारखी वगैरे दिसत नव्हती. चेहरा उतरलेलाच होता. वर्षानुवर्षांचा शीण एका नकारानं जात नसतो. "बॅग गेली ना ताई," एवढंच म्हणाली. "आता नवी घ्यावी लागंल."

"अजिबात घ्यायची नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकावले. दार सताड उघडं, पंखा चालू, आणि छाया फरशीवर चादर टाकून गाढ झोपलेली. चादरीवर माझ्या गुंडाळीच्या चुण्या अजून तशाच होत्या. मी बाल्कनीत जाऊन मोगऱ्याला तांब्याभर पाणी घातलं आणि दार ओढून घेतलं.