पुंडलिक मेस्तांचे बाक

पुंडलिक मेस्त लाकडाआधी माणूस मोजायचे. आमच्या डिचोलीच्या सोसायटीत तळमजल्यावर सभागृह झालं, तेव्हा बसायची सोय करायला सेक्रेटरी म्हणून मी या कोरगावच्या सुताराला बोलावलं. साग की फणस, असं मी विचारत होतो. ते म्हणाले, "मास्तरांनू, बसतलो कोण तां आधी सांगा. लाकूड मगे बघूया."

आणि खरंच, संध्याकाळी खाली जमणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्यांनी एकेक करून स्टुलावर बसवलं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी लावली. माझ्या आईचे गुडघे तेव्हा कामातून गेलेच होते. "आये, टेकूक हात खंयच्या बाजूक होयो?" त्यांनी तिला विचारलं. मी, तिचा मुलगा, हे कधी विचारलं नव्हतं. फणसाचे चार बाक झाले, पिवळेधमक. दिसायला पंचायतीच्या कचेरीतले. पण आई त्यावरून कुणाचा हात न धरता उठायची.

दरवर्षी चतुर्थीच्या आधी मेस्त, वाळवी लागू नये म्हणून, काजूच्या टरफलांच्या तेलाचा डबा घेऊन यायचे आणि न बोलावता बाकांना तेलाचा हात फिरवून जायचे. आपल्या हातच्या प्रत्येक कामाला ते असंच भेटून यायचे. "कशाला एवढा त्रास?" म्हटलं की म्हणायचे, "चेडू लगीन करून दिलां म्हणान बघूक जावचां सोडतंत काय?"

चौथ्या वर्षी कमिटीने सोफे आणायचं ठरवलं. सभागृह कसं शोरूमसारखं दिसलं पाहिजे म्हणे! मी आडवा येऊ शकलो असतो. आलो नाही, कारण खरं सांगायचं तर सोफे मलाही आवडले होते. बाक पंपाच्या खोलीत गेले. आई सोफ्यात अशी रुतायची की तिला ओढून काढायला दोघं लागायचे. मग तिने खाली येणंच सोडलं.

चतुर्थी जवळ आली आणि मेस्त डबा घेऊन दारात उभे राहिले. "बांक खंय गेले?"

आमची हौस त्यांना सांगायची मला लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "वाळवी लागली, मेस्त."

"माझ्या लाकडाक?" त्यांचा चेहरा उतरला. "माका दाखया."

"जाळून टाकले."

पंपाची खोली तिथून दहा पावलांवर होती. 'नेहमी खरं बोलावं' हे फळ्यावर लिहिण्यात माझा जन्म गेला होता. मेस्त माझीच माफी मागत होते. "चुकी माझी. लाकूड नीट सुकूक नाय आसतलां. मी परत करून देतंय." मी "नको, नको" म्हणालो, तेही मोठं मन दाखवल्यासारखं.

पुढे कानावर येत राहिलं. मेस्तांनी फणसाचं काम घेणं सोडलं. गावाकडे पेडण्यात घरोघर जाऊन आपले जुने पाट, देव्हारे, दारं ठोकून बघतात, म्हणे. जाऊन खरं सांगायचं मी रोज ठरवत होतो. एकदा निघालोही, आणि वाटेत म्हापशाच्या बाजारात भाजी घेऊन घरी परतलो. इतका मी भेकड.

ते वारल्याचं कळलं, तेव्हा मात्र गेलो. त्यांची बायको ओसरीवर बसली होती. म्हणाली, "आजारपणात निजल्या खाटीचे पाय ठोकून बघी. 'हेका लागली नाय मा?' म्हणान माका इचारी."

मग मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. वाळवी नव्हतीच, बाक अजून धडधाकट आहेत, मी खोटं बोललो.

ती शांतपणे म्हणाली, "ह्यां तेंका सांगूक होयां होतां, मास्तरांनू. माका सांगान तुमचां मन हलकां झालां. तेंचां?"