अर्थिंगला तांबं? आता नाही लावणार!

मंडळी, मागच्या महिन्यात सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमधली अर्थिंगची तांब्याची पट्टी पुन्हा चोरीला गेली. कळलं कधी? लेथवरच्या सुनीताताईंना शॉक बसला तेव्हा. थोडक्यात वाचल्या.

मग मी हट्टाने जस्त चढवलेली रुंद लोखंडी पट्टी लावली. टेस्टिंगला पास झाली, तरी शेजारचे कारखानदार हसले, “मॅडम, अर्थिंगला तांबंच लागतं!”

आज सकाळी बघते तर पट्टीवर करवतीची ताजी खूण. रात्री अंधारात तांबं समजून कापायला लागलेला चोर, आत लोखंड दिसल्यावर अर्ध्यातच सोडून गेला होता!

आम्ही गंज धरू नये म्हणून खुणेवर जस्ताचा रंग मारला, ओल टिकावी म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं आणि सुनीताताईंनी बिनधास्त मशीन सुरू केलं.

हसणाऱ्यांनो, आता तुम्हीच सांगा. तुम्ही तांबं कुणासाठी लावताय, कामगारांसाठी की चोरांसाठी?